ओसाड कुणाला म्हणायचं?

मागच्या दिवाळीत माझ्या धाकट्या भाच्याने ऑनलाइन ब्लूबेरीचं रोप मागवलं आणि माझ्या अंगणात आणून लावलं. "अमेरिकेहून आल्यापासून आत्या ब्लूबेरीशिवाय दुसरं बोलतच नाही, आता घरच्या घरी खा," म्हणाला. पोराने मनापासून खड्डा खणला, कुजलेलं शेणखत घातलं, गावाकडची काळी माती आणून भरली. मी रोज सकाळी पाणी घालत होते. संक्रांतीपर्यंत पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. उसाला केवडा पडतो ना, अगदी तसं. होळीला नुसती काडी उरली.

भाचा म्हणाला, रोपच खराब निघालं. मी म्हटलं, रोप चांगलं होतं रे, आपण त्याला फार चांगल्या मातीत लावलं म्हणून ते मेलं.

त्याला काही ते पटलं नाही. म्हणून आजचा लेख त्याच्यासाठी, आणि घरातल्या इतर मंडळींसाठीही. कारण सध्या आमच्या माहेरी एका जमिनीवरून बोलणं चाललं आहे, आणि या मेलेल्या रोपाचा त्या जमिनीशी संबंध आहे. कसा, ते पुढे येईलच. ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींनी आमच्या घरगुती भानगडीत थोडा वेळ कान द्यावा, ही विनंती.

गेल्या वर्षी मे ते ऑगस्ट मी मुलीकडे न्यू जर्सीला होते. न्यू जर्सी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे एडिसनची भारतीय दुकानं, गणपती, मराठी मंडळाची नाटकं असंच सगळं येतं. पण एका रविवारी मुलगी म्हणाली, "आई, चल, तुला इथलं ओसाड दाखवते." त्या राज्याच्या दक्षिण भागात पाइन बॅरन्स नावाचा प्रदेश आहे. पाइन म्हणजे ते सूचीपर्णी झाड आणि बॅरन म्हणजे चक्क ओसाड, वांझ. मी मनात म्हटलं, ओसाड बघायला सोलापूरच्या बाईला विमानाने इतक्या लांब कशाला आणलं? ते तर आमच्या दारात आहे!

त्या नावाचं कारण सोपं आहे. युरोपातून आलेल्या लोकांनी तिथे आपल्याकडची पिकं पेरून पाहिली आणि ती आली नाहीत. जमीन म्हणजे समुद्रकाठासारखी पांढरी वाळू. पाऊस आपल्या दुप्पट, पण पडलेलं पाणी वाळूतून सरळ खाली जातं आणि जाताना मातीतलं अन्न धुऊन नेतं. शिवाय ही माती आंबट आहे, म्हणजे आम्लधर्मी. आपली सोलापूरची जमीन बरोबर उलट्या टोकाची. काळी, चुनखडीची, अल्कधर्मी. तर गहू येत नाही म्हणून त्या लोकांनी नाव ठेवलं 'ओसाड', आणि ते कायमचं चिकटलं.

आता या ओसाडात काय होतं ते सांगते.

पाइनच्या झाडांखाली, वाटेच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर ते पुरुषभर उंचीची झुडपं नुसती दाटलेली होती. मला ती सगळी एकसारखीच वाटली. माझी नात तिकडे चौथीत आहे, तिच्या हातात झाडं ओळखायचं पुस्तक. ती एकेक पान धरून नाव सांगायची आणि आजीने वहीत लिहायचं, असा आमचा खेळ सुरू झाला. (चौतीस वर्षं मी मुलांना श्रुतलेखन घातलं, आता माझी पाळी!) उंच ब्लूबेरी, बुटकी ब्लूबेरी, तिच्यासारखीच पण बिया कडक असलेली हकलबेरी, पाणथळ जागी जमिनीवर पसरलेली क्रॅनबेरी. पांढऱ्या-गुलाबी फुलांचे गुच्छच्या गुच्छ आलेलं माउंटन लॉरेल. त्याची गडद गुलाबी धाकटी बहीण शीप लॉरेल, जी खाऊन मेंढ्या मरतात. दलदलीत वाढणारं, चिकट पांढऱ्या सुवासिक फुलांचं अझेलिया. जाड चामड्यासारख्या पानांचं लेदरलीफ. वाळूला चिकटून पसरलेलं बेअरबेरी. मेच्या शेवटापासून जुलैपर्यंत आम्ही चार वेळा गेलो आणि वहीत अठरा नावं झाली.

मग नात म्हणाली, "आजी, यांतली सगळीच्या सगळी एकाच फॅमिलीतली आहेत." मी चकित! ते सगळं एक कूळ होतं. शास्त्रात त्याला एरिकेसी म्हणतात, बोलीत हीथ फॅमिली. आणि हीथ म्हणजे काय? तर माळ! तिकडच्या उघड्या, हलक्या जमिनीच्या माळाला हीथ म्हणतात, आणि त्या माळावर फोफावणारं कूळ म्हणून त्याचं हे नाव. मराठीत या कुळाला घरगुती नाव नाही, मी आपलं माझ्यापुरतं त्याला 'माळकूळ' म्हणते.

हे कूळ लहानसहान नाही. जगात याच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत. आपल्या हिमालयात वसंतात डोंगर लाल करणारा बुरांश याच कुळातला, तो उत्तराखंडचा राज्यवृक्ष आहे. दक्षिणेकडे निलगिरीच्या उंच डोंगरांवरही तो आहे. दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला तर या कुळातल्या एकट्या एरिका वंशाच्या सातशेच्या आसपास जाती आहेत. स्कॉटलंडचे डोंगर जांभळे करणारं हीदर तेही यातलंच. यांतल्या बहुतेकांची जागा पाहिली तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आंबट माती, हलकी जमीन, डोंगरउतार, दलदल. म्हणजे जिथे शेतकरी कपाळाला हात लावतो तिथे हे कूळ नांदतं.

आपल्या भागात हे कूळ नसलं तरी त्याची लांबची भाऊबंदकी आहे बरं का! वनस्पतिशास्त्रात कुळाच्या वरच्या पायरीला गण म्हणतात. ब्लूबेरीच्या गणात चहा येतो, चिकू येतो, मोह आणि बकुळ येतात, आणि टेंभुर्णीचं झाडही येतं. पुण्याच्या रस्त्यावर आपल्या जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव लागतं, तिथे एस.टी. थांबली की आता मला न्यू जर्सीची आठवण येते. चुलत-चुलत का होईना, नातं निघालंच.

तर एवढ्या निकृष्ट वाळूत हे कूळ इतक्या तऱ्हांनी कसं राहतं? मला यात सर्वांत आवडली ती यांची काटकसर. पहिली गोष्ट, मुळांतली भागीदारी. यांची मुळं केसांहून बारीक आणि त्यांत एक प्रकारची बुरशी राहते. आंबट मातीत पालापाचोळा लवकर कुजत नाही, अन्न त्यात अडकून पडतं. ती बुरशी ते सोडवून झाडाला देते आणि झाड तिला साखर देतं. दुसरी गोष्ट पानांची. बऱ्याच जातींची पानं लहान, जाड आणि वर्षभर टिकणारी असतात. नवं पान करायला खर्च येतो, म्हणून जुनंच जपून वापरायचं. मास्तरणीच्या संसारात साडीची पिशवी आणि पिशवीचं पायपुसणं व्हायचं, तसंच हे.

यांतल्या एका जातीने तर पुढची पायरी गाठली. जुलैत पाइनच्या सावलीत आम्हाला मेणासारखी पांढरीफटक, मान खाली घातलेली वीतभर रोपं दिसली. इंडियन पाइप म्हणतात. हिरवा रंग नाहीच, म्हणजे स्वतः अन्न करण्याचा प्रश्नच नाही. मातीतल्या बुरशीकडून हे घेतं, आणि ती बुरशी शेजारच्या झाडांकडून घेते. प्रत्येक कुळात असा एखादा जावई असतोच! (आमच्या जावयांनी हे मनावर घेऊ नये, ते फार कष्टाळू आहेत.)

फुलांचीही मौज आहे. ब्लूबेरीचं फूल म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत खेळण्यातली सुगडं मिळतात, तसं एक इवलं पांढरं सुगड उलटं टांगावं तसं. यातला पराग सहज सांडत नाही, मिठाच्या डबीसारख्या बारीक छिद्रांतून बाहेर येतो. भुंग्यासारखी जाडी मधमाशी फुलाला लटकून अंग थरथरवते, तेव्हा तो झडतो. आपल्याकडे वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांतही हीच युक्ती चालते. माउंटन लॉरेलचा तऱ्हा आणखी वेगळा. त्याचे पुंकेसर पाकळीच्या खळग्यांत वाकवून अडकवलेले असतात, माशी बसली की गलोलीसारखे सुटतात आणि परागाचा मारा होतो. नातीने काडीने हळूच शिवून दाखवलं, तेव्हा मी अक्षरशः दचकले.

आणि एक वास! जमिनीलगतच्या एका छोट्या रोपाचं पान चुरगळून नातीने माझ्या नाकाशी धरलं. मी म्हटलं, अगं, हा तर माझ्या गुडघ्यांच्या मलमाचा वास! ते विंटरग्रीन होतं. त्याचा हिमालयातला सख्खा भाऊबंद म्हणजे ज्याच्यापासून आपल्याकडे गंधपुऱ्याचं तेल काढतात ते झुडूप. साता समुद्रापार जाऊन ओळखीचा वास भेटला.

आता ब्लूबेरीची गोष्ट, कारण माझा मुद्दा तिच्यातच आहे. १९०० च्या सुमारास ब्लूबेरी हे तिकडे रानातून गोळा करायचं फळ होतं. लागवड करायचे प्रयत्न फसत, कारण लोक तिला बागेतल्या उत्तम मातीत, खत घालून, चुना टाकून लावत. अगदी आमच्या भाच्यासारखं! फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१० साली प्रयोगांनिशी दाखवून दिलं की हिला आंबट मातीच लागते आणि खतावलेल्या, चुन्याच्या मातीत ती मरते. पाइन बॅरन्समधल्या एका क्रॅनबेरी-मळेवाल्याची मुलगी एलिझाबेथ व्हाइट, तिने ते वाचून कोव्हिलला आपल्या जागेवर प्रयोग करायला बोलावलं. तिने आसपासच्या रानात राहणाऱ्या लोकांना सुमारे १.६ सेंटिमीटरचं भोक असलेली मापं वाटली, आणि सांगितलं की ज्या झुडपाची फळं या भोकातून जाणार नाहीत ते झुडूप मला दाखवा, पैसे देईन. ज्याने जे झुडूप शोधलं त्याचंच नाव त्या वाणाला दिलं. १९१६ साली लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. आज जगभर ज्या डब्या विकल्या जातात, त्यांची सुरुवात त्या ओसाडातून झाली, आणि ती झाडं ओळखणारी माणसंही त्याच ओसाडातली होती, ज्यांना शहरातले लोक अडाणी म्हणत.

हे वाचताना मला आपलं मोहोळ आठवलं. ज्या मालदांडीच्या भाकरीवर आपला जिल्हा वाढला, तो ३५-१ हा वाण इथल्याच शेतकऱ्यांच्या ज्वारीतून मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडून काढलेला. बाहेरून आणलेला नाही. इथे काय येत नाही याचं रडगाणं न गाता, इथे काय येतं ते नीट पाहिलं, म्हणून ते हाती लागलं.

१९६० च्या दशकात त्याच पाइन बॅरन्समध्ये प्रचंड मोठा विमानतळ आणि शहर वसवायचा बेत होता. 'ओसाड' जागा, मग करायला हरकत काय? पण जॉन मॅकफी या लेखकाचं तिथल्या माणसांवर आणि रानावर १९६८ साली पुस्तक आलं, लोक जागे झाले. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने तो राखीव प्रदेश ठरवला, पुढच्या वर्षी राज्याने कायदा केला. सुमारे साडेचार लाख हेक्टर. माणसांना तिथून हाकललं नाही. गावं आहेत, ब्लूबेरी-क्रॅनबेरीचे मळे आहेत, फक्त कुठे बांधायचं आणि कुठे नाही हे ठरवून दिलं आहे. सगळं आदर्श आहे असं मी म्हणत नाही, मळ्यांसाठी तिथल्या दलदलीही मोडल्याच. पण वाळूखाली पाण्याचा केवढा मोठा साठा आहे आणि तो वरच्या रानामुळे स्वच्छ राहतो, हे त्यांना वेळेत कळलं.

आता या आपल्या सोलापुरात.

आमच्या माहेरची जमीन उत्तर सोलापूर तालुक्यात आहे. थोडं काळं रान आणि आठ एकर माळ. मुरमाड, वीतभर माती, खाली खडक. वडिलांच्या माघारी सात-बाऱ्यावर आम्हा बहिणींचीही नावं लागली. आता भाच्यांचं म्हणणं असं की माळ नुसता ओसाड पडलाय, जेसीबी लावून सपाट करू, तळ्यातला गाळ टाकू, डाळिंब लावू, आत्याने सही द्यावी.

लहानपणी मी या माळावर शेळ्यांमागे फिरले आहे. तिथे पवना होता, मारवेल होतं, श्रावणानंतर कुसळी वाढली की परकर कुसळांनी भरून जायचा आणि संध्याकाळी आई ती वेचत बसायची. निळी विष्णुक्रांत पायाखाली यायची. धनगरांच्या मेंढ्या बसायच्या, त्यांची लोकर घोंगडीला जायची. काळवीट दिसायचे. नान्नजच्या बाजूला माळढोक होता, मी स्वतः पाहिलाय. चालायचा कसा, तर एखाद्या जुन्या वतनदारासारखा! १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झालं, पण आज तो जवळजवळ संपला. पाइन बॅरन्समध्ये जसं माळकूळ, तसं आपल्या माळावर गवताचं कूळ. आपली ज्वारी त्याच गवतकुळातली, हे विसरू नये. श्रीमंत बहीण काळ्या रानात गेली, बाकीच्या बहिणी माळावर राहिल्या, इतकंच. आणि ही गवतंसुद्धा हलक्या जमिनीतच बहरतात. सावली आली, खत आलं, नांगर लागला की जातात.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. ऐंशीच्या दशकात वृक्षारोपणाची लाट होती. आमच्या शाळेच्या मुलांना घेऊन मी स्वतः एका माळावर शेकडो रोपं लावली. सुबाभूळ, ग्लिरिसिडिया, असलं भराभर वाढणारं. बरीच वाळली. जी जगली त्यांच्या सावलीत गवत गेलं, आणि गवताबरोबर तिथे घरटी करणारे चंडोलही गेले. वर्गात मी मुलांना सांगत होते की ओसाड माळ हिरवा करायचा. तो पावसाळ्यात हिरवाच असतो आणि एरवी सोनेरी असतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. नंतर तर देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशातही असे गवताळ, झुडपी माळ 'पडीक' म्हणूनच मोजले गेले. चूक माझ्या एकटीची नव्हती, पण माझीही होती.

भाच्याचा प्रश्न खरा आहे: "आत्या, गवत खाऊन पोट भरतं का?" नाही भरत. सांगोल्यात मुरमाड माळावर डाळिंब करून लोक वर आले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण तेल्या आणि मर रोगाने तिथल्याच कितीतरी बागा उपटून टाकाव्या लागल्या, हेही पाहिलंय. मी एवढंच म्हणते की काळ्या रानाला पीक मागावं, माळाला माळपण मागावं. चारा कापून घ्या, धनगराला वाडा बसवू द्या, पावसाचं पाणी मुरू द्या. पण एकदा जेसीबी फिरला की वरची वीतभर माती परत येणार नाही. अंगणातलं रोप मेलं तर दुसरं आणता येतं, माळ कुठून आणणार?

आपण आपल्या मापाने जमीन मोजतो आणि त्या मापात न बसणारीला ओसाड म्हणतो. तिकडच्या लोकांनी गव्हाच्या मापाने मोजलं म्हणून एवढं मोठं कूळ त्यांना दिसलं नाही. वर्गात मीही अशीच चूक करायची. गणितात नापास होणाऱ्या पोराला 'ढ' म्हणायची, आणि तोच पोरगा पुढे कापड गिरणीत उत्तम जॉबर झाला, मला भेटायला पेढे घेऊन आला. तेव्हा मान खाली गेली होती, ती आठवण आजही आहे.

तर आता घरच्यांना जाहीर सांगते. काळ्या रानातला माझा हिस्सा तुम्हा भाच्यांना घ्या, मी हक्कसोड करून देते, त्याबद्दल एक पैसा नको. त्याऐवजी माळ माझ्या नावावर राहू द्या. डोळस सौदा आहे, तुमचं नुकसान काही नाही. माझ्या माघारी नातीच्या नावावर करीन, तिला झाडं ओळखता येतात. लोक म्हणतील, म्हातारीने ओसाड गावची पाटीलकी घेतली. म्हणू देत. भाद्रपदात गवत फुलावर आलं की सगळ्यांना माळावर जेवायला बोलावते. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, ठेचा. त्या पोराने आणलेली ब्लूबेरीची काडी मी अजून अंगणातून उपटलेली नाही. येताना बघून जा.

तुमच्या गावाजवळ असा माळ असेल, तर तिथे काय उगवतं ते बघून मला जरूर लिहा. स्थानिक नावांसकट लिहा, नात वही घेऊन वाट बघते आहे.